चाकाचं म्हणणं

आवाज आधी आला, ट्रक मागून.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. मी अंगणात सडा टाकत होते आणि गल्लीच्या तोंडापलीकडून एक बारीक, लांबट, सुईच्या टोकासारखा आवाज यायला लागला. चिऽऽ. मग क्षणभर काही नाही. मग परत चिऽऽ. त्याला ठेका होता. कुणाची तरी हातगाडी असेल असं वाटेपर्यंत अप्पांचा सहाचाकी वळणावर आला, कपाळावरचं ‘मत्स्योदरी प्रसन्न’ उन्हात चमकलं आणि तो सुईसारखा आवाज त्याच्याच पुढच्या चाकांतून निघतोय हे कळलं. घरापुढं येऊन अप्पांनी ब्रेक दाबला. आवाज कापल्यासारखा थांबला. हवा सुटल्याचा तेवढा फुस्स झाला आणि अप्पा पायरीवर पाय ठेवत खाली उतरले.

“अप्पा, पुढचं चाक ओरडायलंय.”

“कोण ओरडायलंय?”

“चाक. पुढचं.”

अप्पांनी चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “मला तर काई ऐकू येत न्हाई, माय.”

ते चाकाबद्दल बोलत होते. मला ते वाक्य त्यांच्या कानांबद्दलचं वाटलं आणि हातातली बादली हातातच राहिली. कारण ज्या माणसानं मला गाडीचे आवाज ओळखायला शिकवलं, तो हा माणूस होता.

मी आठ-नऊ वर्षांची असताना शाळेला सुट्टी लागली की अप्पा मला जवळच्या फेरीला बरोबर न्यायचे. जालना-अंबड, जालना-भोकरदन, कधी मंठा-परतूर. क्लीनरच्या जागेवर गोधडीची घडी टाकून मला बसवायचे आणि गाडी चालवता चालवता विचारायचे, “सांग, आता काय बोलली?” मी म्हणायचे, खडखड. “खडखड म्हंजे मागचं फाळकं. त्याला हुक लागला न्हाई नीट.” मी म्हणायचे, टकटक. “टायरात खडा बसलाय, निघंल आपोआप.” कमानीचे पाटे कुरकुरायचे, फॅनचा पट्टा चिवचिवायचा, नळीतून हवा गळत असली की ती फुसफुसायची. गिअर पडताना करकरला तर ती गाडीची नाही, चालवणाऱ्याच्या पायाची चूक. आणि बेअरिंग? “बेअरिंग ओरडत नसतं. बेअरिंग कण्हतं. खालच्या आवाजात, घूंऽऽ. वेग वाढला की कण्हणं वाढतं, वळणावर वजन एका अंगाला गेलं की बदलतं. ओरडतं ते ब्रेकचं लायनर.”

कुरकुर, करकर, खरखर, घरघर, चरचर, किरकिर. आपल्या भाषेत या शब्दांचं केवढं पीक आहे. शाळेत व्याकरणाच्या तासाला ते अनुकरणवाचक म्हणून एका ओळीत संपवले जातात. अप्पांच्या केबिनमध्ये त्यांतला प्रत्येक शब्द गाडीच्या एकेका भागाचं नाव होता. ‘घरघर’ आणि ‘खरखर’ यांत एका अक्षराचा फरक आहे, पण रस्त्यात तेवढ्याच फरकावर मुक्काम ठरायचा. मी पुढं भौतिकशास्त्र शिकले, आता शाळेत ध्वनी हा धडा शिकवते. त्या धड्याचं पहिलं पान मला त्या गोधडीवर बसून मिळालेलं आहे.

अप्पा मूळचे परतूर तालुक्यातले. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, विशीच्या आसपास, ते शहरात आले आणि एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागले. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण कापसाच्या, व्यापाराच्या काळातली. अप्पा आले तेव्हा त्या पाळण्यात लोखंड येऊन पडू लागलं होतं. आज जालन्याची सळई सगळीकडं जाते. भंगार भट्टीत वितळतं, त्याच्या जाड कांड्या ओततात, त्या पुन्हा लाल करून रोलच्या जोड्यांमधून एकामागून एक काढतात. प्रत्येक जोडीतून कांडी बारीक आणि लांब होत जाते. आता बरंचसं काम यंत्रं करतात. तेव्हा एका जोडीतून सुटलेला लालबुंद गज पकडीत धरून, अर्धं वळून, पुढच्या जोडीच्या तोंडात द्यायला माणूस उभा असे. अप्पा तसे सहा वर्षं उभे होते. त्यांच्या पोटऱ्यांवर अजून त्या गजांचे डाग आहेत. कानांवर डाग दिसत नाहीत. कानात कापसाचा बोळा घालायचे, तो घामानं भिजला की काढून टाकायचे.

मग ट्रक. आधी दुसऱ्यांचे, मग कर्ज काढून स्वतःचा. त्या काळच्या गाड्यांत इंजीन केबिनच्या आतच, चालवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याशी एका झाकणाखाली असायचं. बत्तीस वर्षं ते गुडघ्याशी धडधडत राहिलं.

कारखान्यात आठ तास काम करणाऱ्याच्या कानावर ९० डेसिबलपेक्षा जास्त आवाज पडू नये, अशी मर्यादा आपल्याकडं आहे. कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्यात, बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. खालच्या पट्टीचे आवाज वेटोळ्याच्या टोकाशी ओळखले जातात, उंच पट्टीचे अगदी दाराशी. मोठ्या आवाजाचा मारा वर्षानुवर्षं झाला की सगळ्यात आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं, आणि माणसाच्या कानात ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. तीन वर्षांपूर्वी मी अप्पांना तपासायला नेलं. कागदावरची रेघ खालच्या स्वरांपाशी बरी सपाट चालली होती. ४००० वर आली आणि विहिरीत पाय घसरावा तशी खाली गेली. मी तो आलेख समजू शकत होते. माझ्या पोरांना मी असलेच आलेख काढायला शिकवते. डॉक्टर बोलत होते आणि मला त्या घसरणीत रोलचा आवाज, इंजिनाचा आवाज, घाटातल्या हॉर्नांचा आवाज एकावर एक पडताना दिसत होता.

“आवाज येतो गं,” अप्पा म्हणतात, “शब्द येत न्हाईत.” हे तंतोतंत खरं आहे. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, फ, थ ही अक्षरं उंच आणि विरळ, ती वाटेत गळतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ त्यांना एकच ऐकू येतं, म्हणून भाडं ठरवताना ते समोरच्याला बोटं दाखवायला लावतात. चिमण्या त्यांच्यासाठी केव्हाच मुक्या झाल्या. आणि ब्रेकची किंचाळी याच मुलखातली आहे, हजार हर्ट्झच्या वरून सुरू होऊन कितीतरी वर जाणारी. म्हणजे ट्रक बोलत होता, आणि ज्यानं ऐकायचं त्याच्याच कानाचं नेमकं तेवढं दार बंद होतं. किती दिवस बोलत होता कुणास ठाऊक. अलीकडं क्लीनर परवडत नाही म्हणून अप्पा एकटेच जातात.

त्याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसानं आवाज ऐकला, मान हलवली आणि पुढच्या दोन्ही चाकांचे लायनर बदलले. जुने तसे झिजलेलेही होते, म्हणून अप्पा काही बोलले नाहीत. पैसे दिले. सात दिवस गाडी शांत होती. आठव्या दिवशी संध्याकाळी, मी कंदील उतरवत असताना, गल्लीच्या तोंडापलीकडून तीच सुई परत टोचायला लागली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आवाज हा आजार नसतो, ती आजाराची बातमी असते. बातमी देणाऱ्याला गप्प केलं आणि आजार तसाच ठेवला, असं काहीतरी त्या गॅरेजात झालं होतं. पहाटे मी अप्पांना म्हटलं, आज गाडी भरायची नाही. तुमचे हात आणि माझे कान. आपण शोधू.

अप्पा चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, “तुझे कान म्हंजे माझेच की.”

औद्योगिक वसाहतीच्या मागं एक सरळ, मोकळा रस्ता आहे. दिवाळीत तिथं वर्दळ कमी असते. आधी अप्पांनी गाडी जागेवर उभी ठेवून इंजीन वाढवलं. मी बॉनेटशी कान लावून उभी राहिले. काही नाही. म्हणजे पट्टा नाही, पंप नाही. आवाज चाक फिरण्याशी बांधलेला आहे. मग मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. केबिनमधून आवाज कुठून येतो ते कळत नाही, बाहेर उभं राहिलं तरच डावं-उजवं उमगतं. पण मी ऐकलेलं अप्पांना सांगायचं कसं? ओरडून उपयोग नव्हता. म्हणून आम्ही खूण ठरवली. आवाज येतोय तोवर माझा हात वर. थांबला की हात खाली. अप्पा आरशात बघतील.

ट्रक पहिल्यांदा समोरून गेला, क्लीनरसाइडचं चाक माझ्याकडं होतं. चिऽऽ, चिऽऽ, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. माझा हात वर. पुढं जाऊन त्यांनी ब्रेक हलकासा दाबला, आवाज चिरकला. जोरात दाबला, गप्प. हात खाली. मग ते वळून आले, ड्रायव्हरसाइड माझ्याकडं, आणि आवाज ट्रकच्या पलीकडून, अंगाआडून आल्यासारखा आला. डावीकडचं चाक. मी डावा हात वर केला. आरशात अप्पांचा चेहरा पुसट दिसला, हसलेला.

इतकं कळायला दहा मिनिटं लागली. गॅरेजमध्ये कुणी ही दहा मिनिटं दिली नव्हती. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या दारात आणखी चार गाड्या उभ्या होत्या. पण अप्पांचा एक नियम आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो: पान्याला हात लावायच्या आधी चार प्रश्न. कधी येतो? कधी जातो? कुठल्या बाजूनं? तापल्यावर वाढतो का? दवाखान्यात चांगला डॉक्टर हेच विचारतो.

ब्रेक न दाबता आवाज येतो आणि जोरात दाबला की जातो, याचा अर्थ अप्पांनी मला तिथंच, चाकाशी उकिडवं बसून समजावला. ब्रेक सोडला की लायनर ड्रमपासून सुटायला हवं, मध्ये केसाएवढी फट पडायला हवी. हे सुटत नाही. नुसतं टेकून राहतंय. पूर्ण दाबलेलं लायनर काम करतं, पूर्ण सुटलेलं विश्रांती घेतं. अर्धवट टेकलेलं किंचाळतं.

हे मला वेगळ्या वाटेनं माहीत होतं. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा राळेमुळं केस तारेला चिकटतात, तार ओढली जाते, ताण सोसवेना झाला की सुटते, परत चिकटते, परत सुटते. सेकंदाला शेकडो वेळा. त्या चिकटण्या-सुटण्याचा स्वर होतो. बालगंधर्वांच्या गाण्यामागं कादरबक्षांची सारंगी चालायची ती याच नियमानं. फळ्यावर खडू कर्कशतो तोही याच नियमानं. आणि ड्रमवर नुसतं टेकलेलं लायनर हेच करतं: चिकट, सूट, चिकट, सूट. बिडाचा जड ड्रम घंटेसारखा थरथरतो आणि ते थरथरणं गल्लीपर्यंत पोचतं. वर्गात मी काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवून दाखवते, पोरं चकित होतात. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ड्रमकडं बघत राहिले. “म्हंजे सारंगी आन् हे, एकच?” एकच, अप्पा. फक्त तिथं कुणीतरी ते हवं म्हणून काढतं.

पुढं अप्पांनी गाडी दहा-बारा किलोमीटर, ब्रेकला फारसा पाय न लावता, फिरवून आणली. उतरल्या उतरल्या उजव्या चाकाच्या हबला हाताची पाठ लावली. मग डाव्या. डाव्याला लावलेला हात लगेच मागं आला. मलाही लावायला सांगितलं. “उलटा हात लाव. भाजला तर तळवा कामाला शिल्लक राहतो.” उजवं चाक कोमट, भाकरी खाली उतरवून थोडा वेळ झालेल्या तव्यासारखं. डावं, तवा चुलीवर असताना असतो तसं. मी पाण्याची बाटली घेऊन गार करायला पुढं झाले तर अप्पांनी मनगट धरलं. तापल्या बिडावर पाणी टाकू नये, तडा जातो. रस्त्याच्या कडेला कितीतरी ड्रायव्हर टाकतात, आणि पुढं कधीतरी उतारावर तो तडा उघडतो. आम्ही लिंबाखाली बसलो. बाजूच्या शेतात वेचणी चालू होती, बायकांच्या ओट्या पांढऱ्या झाल्या होत्या. अर्धा तास काही केलं नाही. चाक निवण्याची वाट बघणं हाही निदानाचाच भाग आहे आणि तो घाईच्या माणसाला जमत नाही.

मग मागच्या चाकांना दगड लावले, पुढं जॅक लावला, एक्सलखाली लाकडी ठोकळा सरकवला. जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नाही, हे अप्पांनी मला नवव्या वर्षी सांगितलं होतं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी परत सांगितलं. चाक हातानं फिरवलं. फिरवताना जड गेलं, आणि फेऱ्यात एका ठिकाणी घासलं: ड्रम किंचित अंडाकृती झालाय, ती उंचवट्याची जागा लायनरला भिडतेय. ठेका तिथून आला होता. टायरखाली टामी घालून उचलून पाहिलं, चाक वर-खाली हललं नाही. बेअरिंग चांगलं. अप्पांनी स्प्रिंगच्या पाट्याला हात टेकवला, दुसऱ्या हातानं चाक फिरवलं आणि डोळे मिटले. कानानं जे येत नव्हतं ते तळव्यानं येत होतं. बेअरिंग खराब असेल तर पाट्यातून वाळू चाळल्यासारखं लागतं, म्हणाले. मीही हात टेकवला. मला काहीच कळलं नाही. माझ्या हातांनी आयुष्यभर खडू धरलाय.

ड्रम काढला. अप्पा सवयीनं फुंकर मारायला वाकले आणि मी ओरडलेच, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, छातीत गेले की बाहेर येत नाहीत, आणि वीस-तीस वर्षांनी फुप्फुसं त्यांचा हिशेब मांडतात. अप्पांच्या पिढीनं ही धूळ तोंडानं फुंकली, कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवली, त्याच हातांनी डबा उघडून जेवली. माझ्याशी भांडून का होईना, त्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं. फडकं काळं झालं आणि त्या काळ्यात बारीक चमक होती. लोखंडाची खपली. वसाहतीच्या रस्त्यावर लाल गजांवरून गळालेली ही खपली वाऱ्यानं पसरते, ती ड्रममध्येही शिरली होती. नवं लायनर आठ दिवसांत काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

“हे झालं कामून, ते बघू,” अप्पा म्हणाले. गॅरेज इथपर्यंत येऊन थांबलं होतं. अप्पा इथून सुरू झाले.

ब्रेकचे दोन अर्धगोल शू पसरवायला मध्ये इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा कॅम असतो. हवेच्या दाबानं तो फिरतो, शू ड्रमवर जातात. हवा सुटली की स्प्रिंग शूंना मागं ओढते आणि कॅम परत फिरतो. अप्पांनी कॅमच्या दांड्याला पाना लावून फिरवायचा प्रयत्न केला. तो हलला, पण अनिच्छेनं, गंजलेल्या कडीसारखा. जाताना हवेच्या जोरावर जात होता. परत यायला स्प्रिंगचा जोर पुरत नव्हता. दांडा ज्या बुशमध्ये फिरतो तिथं ग्रीसच नव्हतं.

“दर महिन्याला मारतो मी ग्रीस,” अप्पा म्हणाले. आवाजात दुखावल्याची छटा होती. आणि खरंच, निप्पलभोवती ग्रीसचा जाड थर होता. अप्पांनी तो बोटानं निपटून काढला, निप्पलचं तोंड पुसलं, उन्हात धरून बघितलं. तारेच्या टोकानं टोकरलं. भोकात आपली काळी माती बसली होती. मागच्या पावसाळ्यातली, भोकरदनच्या कुठल्यातरी शेतवाटेवर मोसंबी भरायला गेले तेव्हाची असेल. ओली असताना ती लोण्यासारखी शिरते आणि वाळली की विटेसारखी होते. महिन्यामागून महिना ग्रीस तिच्या दाराशी येऊन बाहेरच साचत होतं. वरून बघणाऱ्याला वाटावं, भरपूर झालं. आत थेंब नाही.

अप्पा ते निप्पल तळहातावर घेऊन बसले. ज्वारीच्या दाण्याहून थोडंसं मोठं.

मग त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट काढली. आजोबा परतूरच्या जिनिंगला बैलगाडीनं कापूस न्यायचे. गाडीच्या साटीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यात तेलात भिजवलेल्या चिंध्या. पहाटे निघायच्या आधी आजोबा आसाच्या टोकाची कुणी, म्हणजे खीळ, काढायचे, चाक आसावरून थोडं सरकवायचे, वंगण घालायचे आणि चाक परत बसवायचे. “वरून घातलेलं वंगण धुळीला जातं म्हनायचे. चाक सरकवल्याबिगर आसाला पोचत न्हाई.” अप्पांना हे ऐकून पन्नास वर्षं झाली असतील. मी पहिल्यांदाच ऐकत होते. गाडीची चाकं करकरत गावात शिरली तर आजोबांना म्हणे लाज वाटायची. माणसं म्हणायची, बैलाच्या मानेवर कुणीतरी फुकट ओझं टाकलंय.

तो शब्द माझ्या मनात राहिला. फुकट ओझं. अर्धवट टेकलेलं लायनर घेऊन ट्रक इतके दिवस पळत होता, तितकं डिझेल जळत होतं, हब तापत होतं, आतलं ग्रीस पातळ होत होतं. आणखी महिनाभर गेलं असतं तर मग बेअरिंग कण्हलं असतं, आणि तो आवाज खालच्या पट्टीतला, कदाचित अप्पांना आला असता. पण तेव्हा उशीर झालेला असता. आधी उंच आवाज येतो, नंतर खोल. हलक्या मोटारींच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजत आला की एक छोटी पत्राची जीभ मुद्दाम चकतीला घासेल अशी बसवलेली असते. ती किंचाळते, चालवणाऱ्याला वेळ असताना कळावं म्हणून. कुणा अभियंत्यानं झिजणाऱ्या वस्तूला बोलता यावं याची सोय केली, हे मला नेहमी हृदयाला भिडतं. अप्पांच्या ट्रकला अशी जीभ नव्हती. त्यानं स्वतःच्या दुखण्यातूनच आवाज काढला.

दुपार त्यातच गेली. कॅम बाहेर काढला, गंज घासला, बुश नवं आणलं. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांच्या स्प्रिंगा बदलल्या, कारण एका बाजूची नवी आणि दुसऱ्या बाजूची जुनी ठेवली तर ब्रेक दाबताना गाडी एकीकडं ओढते. ड्रम लेथवर देऊन सारखा करून घेतला. लायनरवरची काच रेतीकागदानं उतरवली. नवं निप्पल बसवलं आणि ग्रीसगन मारली तेव्हा अप्पांनी मला बुशच्या कडेशी बोट धरायला लावलं. तीन दाबांनंतर आतून थंड, मऊ, पिवळं ग्रीस माझ्या बोटाला येऊन टेकलं. “पोचलं?” अप्पांनी विचारलं. पोचलं. “मग बास. जास्त झालं तर लायनरवर जाईल.”

घासलेला गंज, जुन्या स्प्रिंगा, कुजलेलं बुश हे सगळं अप्पांनी एका पोत्यात भरलं. ते भंगारात जाईल, भट्टीत जाईल, आणि उद्या कदाचित सळई होऊन याच ट्रकच्या पाठीवर चढेल. जालन्यात लोखंड फार लांब जात नाही.

सूर्य कलला होता. मी परत रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. अप्पांनी आरसा सारखा केला. ट्रक पहिल्या गिअरमध्ये निघाला, दुसऱ्यात आला, माझ्यासमोरून गेला. टायर रस्त्यावर फिरल्याचा भुरभुर आवाज, इंजिनाची धडधड, फाळक्याचा एक हुक सैल होता त्याची खडखड. बाकी काही नाही. माझे दोन्ही हात खाली होते.

अप्पा लांब जाऊन वळून आले. तरी हात खाली. तिसऱ्यांदा गेले. मला वाटलं आता थांबतील, खाली उतरतील. ट्रक थोडा हळू झाला, आरशात त्यांचे डोळे माझ्या हातांवर होते, आणि मग ते परत पुढं गेले, त्या सरळ रस्त्याच्या टोकापर्यंत, चौथ्यांदा वळायला.

मी हात अंगाशी घट्ट धरून उभी राहिले.